कौल आणि कसोटी

देवाची इच्छा काय, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला बहुतेक वेळा साध्याच प्रसंगी पडतो. सांगून आलेले स्थळ पत्करावे का, परगावची नोकरी घ्यावी की म्हाताऱ्या आईजवळ राहावे, धर्मगुरू होण्याची ओढ खरी की चार दिवसांची? चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, हे दहा आज्ञांनी सांगून ठेवले आहे. तेथे शोधायचे काही उरत नाही. दोन्ही वाटा निर्दोष दिसतात तेथेच शोध सुरू होतो, आणि त्या जागी नेमके वचन हाताशी नसते.

प्राचीन इस्राएलात अशा वेळी कौल लावला जाई. मुख्य याजकाच्या ऊरपटात उरीम व थुम्मीम ठेवलेले असत आणि त्यांच्या आधारे देवाला प्रश्न विचारला जाई. कनान देशाची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली. गिदोनाने खळ्यात लोकर पसरली आणि एका रात्री दव फक्त लोकरीवर पडावे, दुसऱ्या रात्री फक्त जमिनीवर पडावे, असे मागणे केले. मार्गदर्शन मागण्याचा आदर्श म्हणून ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मूळ कथेत मात्र गिदोनाला देवाची आज्ञा आधीच मिळालेली आहे. लोकर पसरली ती आज्ञा कळावी म्हणून नव्हे. कळलेल्या आज्ञेवर मन बसत नव्हते म्हणून.

नव्या करारातही आरंभी चिठ्ठी आहे. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना ती टाकली गेली आणि मत्तीयाचे नाव निघाले. पुढच्याच अध्यायात पेंटेकॉस्टचा दिवस येतो, आणि त्यानंतर नव्या करारात ख्रिस्ती मंडळीने चिठ्ठी टाकल्याचा उल्लेख नाही. इसवी सन 49 च्या सुमारास यरुशलेमेत मोठा वाद उभा राहिला: यहूदी नसलेल्या विश्वासीयांनी सुंता करून घ्यावी का? निर्णय कौलाने झाला नाही. पेत्राने आपला अनुभव सांगितला, बर्णबा आणि पौलाने आपला सांगितला, याकोबाने संदेष्ट्यांच्या वचनांशी तो ताडून पाहिला. निर्णयाच्या पत्रात पवित्र आत्म्याचे आणि सभेचे मत एकाच वाक्यात, शेजारी शेजारी लिहिलेले आहे. देवाची इच्छा माणसांच्या चर्चेतून कळू शकते, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती.

या बदलाला पौलाने शब्द दिला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात देवाची इच्छा ओळखण्यासाठी त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद ‘दोकिमाझेइन’ हे धातू आणि नाणी पारखण्याच्या व्यवहारातही चालणारे. त्याच वाक्यात तो मनाच्या नवीकरणाविषयी बोलतो. म्हणजे पारख आधी पारखणाऱ्यापाशी सुरू होते. ज्याचे मन पालटलेले नाही त्याच्या हाती स्पष्ट चिन्ह आले, तरी तो आपल्या सोयीचाच अर्थ लावील.

सोन्याची ही उपमा इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी पुढे नेली. त्यांची शिकवण योहान कॅसियनने पाचव्या शतकात ‘संवाद’ या ग्रंथात लिहून ठेवली. मनात उठणारा विचार देवाकडून आलेला असेल, सैतानाकडून असेल किंवा आपल्याच आतून उठलेला असेल. म्हणून साधकाने सराफासारखे वागावे. नाणे खऱ्या सोन्याचे आहे का, त्यावरचा छाप खऱ्या राजाचा आहे का, वजन भरते का, हे पाहावे. कॅसियनने सांगितलेली हेरोन नावाच्या वृद्ध तपस्व्याची गोष्ट मन हादरवते. पन्नास वर्षे कठोर तप केलेला हा माणूस देवदूताच्या रूपात आलेल्या आभासावर विसंबला आणि आपल्याला इजा होणार नाही या खात्रीने त्याने खोल विहिरीत उडी घेतली. बंधूंनी त्याला अर्धमेल्या अवस्थेत वर काढले. तिसऱ्या दिवशी तो वारला. कॅसियनच्या मते त्याच्या तपात उणे नव्हते. तो ईस्टरलाही बंधूंच्या पंक्तीला येत नसे, आणि आपला विचार दुसऱ्यासमोर ठेवणे त्याने कधी मानले नाही, हे त्याच्या नाशाचे कारण.

तरी कौलाची ओढ सुटली नाही. ऑगस्टिनने 386 साली मिलानच्या बागेत पौलाचे पत्र उघडले आणि दृष्टीस पडलेल्या ओळींनी त्याचे आयुष्य पालटले. त्याच ऑगस्टिनला पुढे ऐहिक कामांसाठी शुभवर्तमानाची पाने उघडून भविष्य पाहणे रुचले नाही, आणि 506 साली आग्द येथील धर्मसभेने ही प्रथा निषिद्ध ठरवली. सहाव्या शतकातच बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत मठाधिपतीला सांगितले की महत्त्वाच्या कामात सर्वांचे ऐकावे, धाकट्यांचेही, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच सुचवतो.

या विचाराला सर्वांत सूक्ष्म रूप इग्नेशियस लोयोलाने दिले. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडून तो अंथरुणाला खिळला. वाचायला ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा एवढेच होते. शौर्य आणि प्रणयाची स्वप्ने रंगवताना त्याला आनंद होई, पण ती ओसरली की मन कोरडे पडे. संतांसारखे जगावे या विचाराचा आनंद मात्र नंतरही टिकून राही. हा फरक त्याने टिपला आणि मनाच्या चढउतारांचे वाचन तेथून सुरू झाले. पण शिकणे लगेच पुरे झाले नाही. पुढच्या वर्षी वाटेत एका मुस्लिम प्रवाशाने मरियेच्या कौमार्याविषयी शंका काढली. त्याला गाठून भोसकावे का, हे ठरेना, तेव्हा इग्नेशियसने खेचराचा लगाम सैल सोडला आणि निर्णय जनावरावर टाकला. खेचर दुसऱ्या वाटेने गेले. उतारवयात ही आठवण त्याने स्वतःच सांगून ठेवली. कौलावर जीव सोपवणारा माणूस पारखीचा गुरू कसा झाला, हे समजायला त्याच्या नियमांइतकीच ती उपयोगी आहे.

1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात निर्णयाच्या तीन वेळा सांगितल्या आहेत: शंकेला जागाच नसते ती, सांत्वन आणि विषण्णता यांच्या अनुभवातून वाट उमगते ती, आणि मन शांत असते, तेव्हा दोन्ही बाजूंची कारणे मांडून ठरवायचे असते ती. मन विषण्ण असताना आधीचा निश्चय बदलू नये, हा त्याचा नियम घरसंसारातल्या माणसालाही तितकाच लागू पडतो. रोजच्या आत्मपरीक्षणामुळे ही पारख मोठ्या निर्णयांपुरती राहिली नाही. दिवसभरात देव कोठे भेटला आणि कोठे निसटला, हे पाहणे नित्याचे झाले. 1542 मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर आणि 1579 मध्ये आलेला, पुढे ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारा थॉमस स्टीफन्स हे दोघे इग्नेशियसच्याच येशूसंघाचे.

ल्यूथरने रोख बदलला. पाचारण फक्त मठात येत नाही. बाळाचे लंगोट धुणारा बापही देवाचेच काम करतो, असे त्याने 1522 मध्ये लिहिले. बरीचशी दैवी इच्छा समोर पडलेल्या कर्तव्यातच असते, हे त्यातून सामान्य घरांपर्यंत पोचले. पण प्रॉटेस्टंटांतल्या मोरेव्हियन मंडळींनी विवाहसुद्धा चिठ्ठीने ठरवले. 1818 साली सर्वसाधारण सभासदांवरची ती सक्ती उठली.

मराठी ख्रिस्ती इतिहासात हा प्रश्न सर्वांत धारदार झाला तो पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, असा प्रश्न निघाला आणि बिशपांनी हरकत घेतली. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांना आज्ञापालनात नम्रता दिसत होती. रमाबाईंचे म्हणणे असे की देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाही. हेरोनही स्वतःवरच विसंबला होता, पण दोघांत मोठे अंतर आहे. हेरोनने आपला विचार कोणापुढे मांडलाच नाही. रमाबाई पत्रामागून पत्र लिहून, शास्त्राचा दाखला देत, ज्यांच्याशी मतभेद होता त्यांच्यासमोरच तो मांडत राहिल्या. 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आणायला त्या निघाल्या, तेव्हाही प्रेरणा आतली होती आणि तिची परीक्षा केडगावच्या त्यांच्या आश्रमातील रोजच्या कष्टांत झाली.

विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेतील सुवार्तावादी मंडळ्यांत, प्रत्येक माणसासाठी देवाने तपशीलवार आराखडा आखलेला आहे आणि तो शोधून काढायचा आहे, ही समजूत रुजली. एक पाऊल चुकले तर आराखडाच हुकला, अशी धास्ती तिच्याबरोबर आली. 1980 मध्ये गॅरी फ्रीसन याने तिला पुस्तकरूपाने आव्हान दिले: शास्त्राच्या नैतिक मर्यादेत माणसाला खरे स्वातंत्र्य आहे, आणि शहाणपणाने निवड करणे हीच देवाची अपेक्षा आहे. हे म्हणणे पौलाच्या जवळचे आहे, मात्र मनाच्या हालचालींना त्यात जागा कमी पडते.

कॅथॉलिक मंडळीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये काळाची चिन्हे वाचण्याची जबाबदारी साऱ्या मंडळीवर टाकली. 2021 ते 2024 या काळात चाललेल्या सिनोडमध्ये तिला प्रत्यक्ष रीत मिळाली. रोमच्या सभागृहात बिशप आणि प्रथमच मताधिकार मिळालेल्या स्त्रिया एकाच गोल मेजाभोवती बसल्या. पहिल्या फेरीत प्रत्येकाने प्रार्थनेतून सुचलेले बोलायचे, कोणी मध्ये तोडायचे नाही. मग काही काळ शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचे मत पुन्हा मांडायचे नाही. दुसऱ्याच्या बोलण्यातले काय मनाला भिडले, एवढेच सांगायचे. पुन्हा शांतता, आणि त्यानंतर सर्वांनी मिळून ठरवायला सुरुवात.