मदीनेजवळचा अग्नी

ज्वालामुखी वाटेल तेथे उद्भवत नाही. पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले आहे. इंडोनेशियात एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो. त्याच्यासोबत खोल गेलेल्या पाण्यामुळे तेथील तप्त खडक कमी तापमानातच वितळतो. तांबड्या समुद्रात भूपट्ट एकमेकांपासून दुरावतात आणि वर येणारा खडक दाब घटल्याने वितळतो. पश्चिम अरबस्तानातील काळ्या खडकांची माळराने, म्हणजे ‘हर्रा’, याच उलथापालथीशी निगडित आहेत.

हिजरी ६५४ मध्ये (इ.स. १२५६) मदीनेच्या आग्नेयेस अशाच हर्रातून लाव्हा उसळला. सुमारे ५२ दिवस वाहून तो २३ किलोमीटरपर्यंत पोहोचला, शहर बचावले. प्रेषितांनी (स.) भाकीत केलेला हिजाजचा अग्नी तो हाच, असे अनेक विद्वानांनी मानले. मदीनावासीयांनी मशिदीत रडून क्षमायाचना केली. अमीरांनी आपले गुलाम मुक्त केले व लोकांचा माल परत केला, असे तत्कालीन पत्रांत नमूद आहे.

कारण कळल्याने ईशभय संपत नाही. कारणेही अल्लाहचीच निर्मिती होत. मात्र ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना पापी ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तो अग्नी तर प्रेषितांच्या नगरीजवळ उसळला होता! तेथील लोकांनी इतरांची पापे मोजली नाहीत. आपल्याकडे अडकलेले इतरांचे हक्क मोजले.

आपल्या सह्याद्रीचा कातळही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. तो आज थंड आहे म्हणून बहिणीचा वारसाहक्क आणि मजुराची मजुरी उद्यावर ढकलू नये. अल्लाह आपणांस सद्बुद्धी देवो. आमीन.