सुधाकरचा दोष आणि कापूसवाल्याचा

बी.ए.च्या मराठीच्या विद्यार्थ्याला शोकात्मिका म्हणजे काय, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. नायक मोठा, त्याच्या स्वभावात एक दोष, त्या दोषापायी त्याचा नाश. आणि ते पाहताना प्रेक्षकाच्या मनातल्या करुणेचे व भीतीचे विरेचन. उदाहरणही ठरलेले: राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. सुधाकर हुशार वकील, पण मानी. अपमान जिव्हारी लागतो, तळीराम पेला पुढे करतो आणि सिंधूच्या संसाराची राखरांगोळी होते. मार्क पक्के!

व्याख्या पाठ करायला हरकत नाही. हरकत आहे ती तिथेच थांबण्याला, आणि यवतमाळ जिल्ह्यात तर ते थांबणे महागात पडते. कारण इथे शोकांतिका हा शब्द अभ्यासक्रमात येण्याआधी घरात येऊन गेलेला असतो. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. पुढच्या काळात कापसाच्या या जिल्ह्याची ओळखच आत्महत्यांचा जिल्हा अशी झाली. अशा प्रत्येक मृत्यूनंतर पारावर, चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न निघतो तो बहुधा हाच: पीत होता का? नसेल पीत, तर मुलीच्या लग्नात उधळले असतील. म्हणजे ‘एकच प्याला’चा साचा आपण नाट्यगृहाबाहेरही घेऊन फिरतो आणि मेलेल्या माणसात दोष हुडकतो. भावाचे गणित, पावसाची दडी, बोंडअळी, सावकाराचे व्याज यांना त्या साच्यात जागाच नाही.

सरकारी कागदही फारसा वेगळा नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती आत्महत्येचे प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते आणि त्यावर एक लाखाची मदत अवलंबून असते. शेती कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचे, वसुलीचा तगादा होता का, हे सगळे मागे राहिलेल्या बाईने शाबीत करायचे.

खरे म्हणजे पाठ केलेली व्याख्या ज्याच्या नावावर चालते त्या ॲरिस्टॉटलवर दोष हुडकण्याच्या या सवयीचे खापर पुरते फोडता येत नाही. ‘काव्यशास्त्रा’त नायकाच्या नाशाच्या कारणाला त्याने हामार्तिया म्हटले, त्याचा रोख अनेक अभ्यासकांच्या मते अजाणता झालेल्या चुकीकडे आहे, दुर्गुणाकडे नव्हे. शिवाय शोकात्मिकेच्या सहा घटकांत त्याने पहिला मान कथानकाला दिला. पात्राचा स्वभाव त्याच्या मागे. काय घडले आणि एकातून दुसरे कसे घडत गेले, हे आधी. गाइडांतून मात्र उलटा क्रम रुळला, कारण स्वभावदोष चार ओळींत लिहून होतो. कथानकाची उकल करायला नाटक वाचावे लागते.

‘तेरवं’ या नाटकाकडे पाहावे ते इथे. श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी बसवलेले हे नाटक करणाऱ्या बाया आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या. त्यांतल्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्याने संमेलन आधीच वादात सापडले होते. त्या गदारोळात कळंब तालुक्यातल्या राजूरच्या या बाईंचे भाषण गाजले, पण नटी म्हणून त्यांच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. हे आपल्या समीक्षेचे दारिद्र्य म्हणायला हवे.

पाठ केलेली व्याख्या या नाटकाला लावून पाहा. ज्याचा नाश व्हायचा तो माणूस पडदा उघडण्याआधीच गेलेला. मग नायक कोण? दोष कोणाचा? आणि ज्या बाईला उद्या पहाटे निंदणाला जायचे आहे, तिचे विरेचन कसले? तरीही ही शोकात्मिका नव्हे, असे म्हणता येत नाही. युरिपिडीसच्या ‘ट्रोजन विमेन’मध्ये, म्हणजे इ.स.पूर्व ४१५ मध्ये, हेच आहे: युद्ध संपले, पुरुष मेले आणि रंगमंचावर उरल्या त्या बायका. तिथला वृंदही बंदिवान बायकांचाच. ग्रीकांना जे चालत होते ते आपल्या नोट्सना चालत नाही. ग्रीसपर्यंत जायचेही कारण नाही: करुण रसाला सर्वांच्या मुळाशी नेऊन बसवणारा भवभूती तर विदर्भाचाच. त्याच्या ‘उत्तररामचरिता’त रामाचा शोक जितका आहे, तितकाच निरपराध सीतेला घराबाहेर काढणाऱ्या निर्णयाचा जाबही आहे.

संज्ञा टाकून द्याव्यात असे यातून निघत नाही. उलट नायक, संघर्ष, वृंद, विरेचन हे शब्द हाताशी नसते तर ‘तेरवं’ नेमके कुठे वेगळे आहे हे सांगताही आले नसते. मात्र आधी प्रयोग दाखवावा, नाटक वाचून घ्यावे, आणि संज्ञा त्यातून काढून द्यावी. यवतमाळ, वणी, पुसद इथल्या मराठीच्या प्राध्यापकांनी निदान एका वर्षी ‘एकच प्याला’, ‘ट्रोजन विमेन’ आणि ‘तेरवं’ एकत्र शिकवून पाहावे, आणि अमरावती विद्यापीठाने व्याख्या लिहा हा प्रश्न काढून त्याजागी नाटकातला एक प्रवेश छापावा.