आधी छावा, मग गोष्ट

आपल्या बालसाहित्यात प्राण्यांची रेलचेल आहे. कोल्हा वकिली करतो, ससा चष्मा लावतो, चिऊताई बाळाला न्हाऊमाखू घालते. यात मजा आहे आणि ती हवीच. पण पुस्तकातला प्राणी कधीच प्राण्यासारखा वागला नाही, तर मुलाला खऱ्या प्राण्याची ओढ लागणार कशी?

या प्रश्नाला मला पटलेलं उत्तर कॅमिला कॉफलर या छायाचित्रकर्तीच्या कामात आहे. ‘इला’ या नावानं ती जगाला माहीत झाली. जन्म १९११चा, व्हिएन्नाचा, शिक्षण शिल्पकलेचं. पॅरिसमध्ये पोटासाठी एर्गी लांडाऊ या छायाचित्रकर्तीकडे मदतनीस झाली आणि पुढे तिनं पाळीव प्राण्यांचे फोटो काढणारा स्वतःचा स्टुडिओ थाटला. जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सलींबरोबर १९३८मध्ये केलेल्या ‘अ‍ॅनिमल लँग्वेज’ या पुस्तकासोबत ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या: फोटो पाहायचे आणि त्याच प्राण्यांचे आवाज ऐकायचे. १९४१मध्ये ती न्यूयॉर्कला गेली.

१९४७मध्ये तिनं टिपलेल्या सिंहाच्या एका छाव्यावर दोन पुस्तकं निघाली. इंग्रजीत मजकूर मार्गारेट वाइझ ब्राउन यांचा, फ्रेंचमध्ये कवी झाक प्रेव्हेर यांचा. फोटो तिचेच. एरवी गोष्ट आधी लिहिली जाते आणि चित्रं तिच्यामागून येतात. इथे छावा आधी आला. त्याला झोप आली तर गोष्टीनंही झोपाळू व्हायचं! लेखकानं प्राण्याच्या कलानं घ्यावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९५४च्या ‘टू लिटल बेअर्स’मध्ये शब्दही तिचेच आहेत. आई मध शोधायला जाते, पिल्लं बाहेर पडतात आणि वाट चुकतात. खरं तर कॅमेऱ्यासमोर ती नुसती हुंदडत असणार. वाट चुकवली ती लेखिकेनं. ही फसवणूक मला वाटत नाही. गोष्ट रचलेली आहे हे मुलांना कळतं. पण ते जाड पंजे, ते बारीक डोळे, ती विस्कटलेली लव रचलेली नसते.

३० मार्च १९५५ रोजी भरतपूरला बैलगाड्यांची शर्यत टिपताना ती जीपवरून पडली आणि त्यातच गेली. वय अवघं त्रेचाळीस. ‘अ‍ॅनिमल्स इन इंडिया’ हे पुस्तक तिच्यामागे, १९५८ साली आलं.

आज सह्याद्रीत शेकरू आणि गवे टिपणारे कितीतरी मराठी छायाचित्रकार आहेत. त्यांनी आपले फोटो प्रदर्शनापुरते ठेवू नयेत. त्यातल्या एखाद्या शेकरूमागे चार ओळींची गोष्ट चालवावी, आणि प्रकाशकांनी ती पाच वर्षांच्या मुलाला परवडेल अशा किमतीत छापावी.