परिप्रश्न आणि वर्गातील मौन
ज्ञान गुरूने द्यावयाचे की शिष्याने मिळवावयाचे, हा प्रश्न माध्यमिक शाळेइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन व निदिध्यासन, म्हणजे ऐकणे, ऐकलेले युक्तीने तपासणे आणि त्याचे सतत चिंतन करणे, या पायऱ्या सांगतो. गीतेचा चौथा अध्यायही नम्रतेबरोबर परिप्रश्नाची, म्हणजे खोदून विचारण्याची, अपेक्षा ठेवतो. शाळांनी यांतील श्रवण व नम्रता तेवढी उचलली.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस शोधावयास सांगतो. मुलगा बेधडक बाजूच दुप्पट करतो, तेव्हा क्षेत्रफळ आठाऐवजी सोळा भरते. मग तीन फूट घेतो, तर नऊ येते, आणि उत्तर येत नाही हे तो कबूल करतो. सॉक्रेटिसाच्या मते हा गोंधळ लाभाचाच असतो, कारण अज्ञान उमगल्यावरच शोध सुरू होतो. अखेर कर्णावर उभारलेला चौरस आठ भरतो, हे मुलाला पटते. ज्ञान म्हणजे आत्म्याचे पूर्वस्मरण, हा यावरून काढलेला निष्कर्ष मात्र ग्राह्य धरता येत नाही, कारण सॉक्रेटिसाचे प्रश्न बरेचसे उत्तरसूचक आहेत आणि कर्ण तर तोच पुढे आणतो.

तथापि नववीच्या वर्गात चुकीचे उत्तर फळ्यावर तपासून पाहण्याइतका वेळ क्वचितच दिला जातो. न्यायदर्शन तत्त्वनिर्णयासाठीच्या चर्चेला ‘वाद’ व केवळ जिंकण्यासाठीच्या चर्चेला ‘जल्प’ म्हणते. निव्वळ गुणांसाठी वर होणारा हात दुसऱ्या प्रकारात मोडतो.