पार्ट टू ऑर्डरमधलं नाव

मालवणात आमच्या शेजारच्या काकींच्या माळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात काकांचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. खाऱ्या हवेने कडा खाल्ल्या, अक्षरं मात्र अजून वाचता येतात. काका जाऊन बरीच वर्षं झाली. ट्रंकेत आता गणपतीची आरास असते आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. फौजेत त्याला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद तिथे होते. तिथे नाव चढलं तरच बायको सरकारच्या लेखी बायको. काकींचं नाव चढलं ते माहेरचं. पुढे फॅमिली पेन्शनच्या वेळी ते सासरच्या नावाशी जुळवताना त्यांच्या चपला झिजल्या. "बॉर्डरवर हे होते, पण कागदांसाठी फिरूचा माकाच लागला," हे त्या आजही सांगतात.

कागदांचा हा फेरा अमेरिकेतल्या जवानाच्या घरालाही चुकलेला नाही. 2007 मध्ये अ‍ॅलेक्स हिमेनेझ हा अमेरिकी सैनिक इराकमध्ये बेपत्ता झाला. नेमकी तेव्हाच त्याच्या बायकोवर हद्दपारीची टांगती तलवार होती, कारण ती डोमिनिकन रिपब्लिकमधून विनापरवाना आली होती. बोभाटा झाल्यावर तिथले अंतर्गत सुरक्षा मंत्री मायकेल चेर्टॉफ यांनी हस्तक्षेप केला आणि तिचं घर वाचलं. हिमेनेझचा मृतदेह सापडला तो पुढच्या वर्षी.

अडचण कायद्यातच होती. तपासणी न होता देशात शिरलेल्याला ग्रीन कार्डासाठी बहुधा मायदेशी जाऊन व्हिसा घ्यावा लागतो. पण विनापरवाना वर्षाहून जास्त राहून जो बाहेर पडला, त्याला 1996 च्या कायद्याने 10 वर्षं दार बंद. म्हणजे सरळ मार्गाने जाऊ म्हणणाऱ्यालाच शिक्षा. नोव्हेंबर 2013 मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने सैनिक, राखीव दलातले जवान आणि माजी सैनिक यांच्या पती-पत्नी, मुलं आणि आईवडिलांसाठी 'पॅरोल इन प्लेस'ची लेखी पद्धत घालून दिली. म्हणजे व्हिसासाठी बाहेर न जाता देशातच राहायचं, परवानगी एकेका वर्षाची. आपल्याकडचा माणूस बहुधा विमानाने, व्हिसा घेऊन जातो. मुदत उलटून तो राहिला तरी तपासणी होऊन आलेलाच ठरतो, त्यामुळे ही सवलत त्याच्यासाठी नाही. त्याला 'डिफर्ड अ‍ॅक्शन' मागता येतं, म्हणजे कारवाई पुढे ढकलणं.

माझी तक्रार आहे ती या 'सवलत' शब्दाशीच. अर्ज मंजूर करायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. भरतीच्या दिवशी जवान जी शपथ घेतो, तिला अशी वर्षावर्षाची मुदत नसते. त्याच्या आईला मात्र दर वर्षी कागद पुढे करावा लागतो. जवान पगाराबरोबर घरच्यांचा निर्धास्तपणाही कमावतो, आणि तो त्याला द्यायलाच हवा.

ब्रिटनचं बघा. ब्रिटिश फौजेतून 1997 पूर्वी निवृत्त झालेल्या गुरख्यांना तिथे स्थायिक होण्याचा हक्क नव्हता. अभिनेत्री जोआना लम्ले यांनी लढा उभारला, 29 एप्रिल 2009 ला संसदेत सरकार मतदानात हरलं, आणि महिन्याभरात दार उघडलं. पुढे 2022 मध्ये सहा वर्षं सेवा केलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांची स्थायिक होण्याची फी माफ झाली. बायको-मुलांची झाली नाही. तेव्हा ती दरडोई दोन हजार पौंडांहून जास्त होती! हे वाचून मी फार अस्वस्थ झालो. आपल्या गुरखा पलटणींतल्या नेपाळी जवानाची बायको 1950 च्या तहामुळे व्हिसाविना सरहद्द ओलांडून नवऱ्याकडे येते. या एका बाबतीत आपण मोठ्या देशांपेक्षा शहाणे निघालो, आणि ते मला अभिमानाचं वाटतं. नोंदींच्या बाबतीत मात्र आपल्याकडेही तोच छळ आहे. लग्नानंतर नाव बदलतं, स्पेलिंग चुकतं, जन्मतारीख जुळत नाही, आणि नवरा जिवंत असेपर्यंत कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

यंदा चतुर्थीला ट्रंक खाली काढायला मी गेलो होतो. आरास बाहेर आली, तळाची पिशवी फाटलेली दिसली. काकींनी कागद पदराने पुसला, नव्या पिशवीत घातला, तोंडाला दोन गाठी मारल्या आणि परत तळाशी ठेवला.