गोळी चुकवू नकोस, चष्मा टाळू नकोस

खोडद

चि. मुक्ता,


तुझा फोन आल्यापासून जीव तिकडेच लागलाय बघ. इकडे सगळं ठीक. टोमॅटोची तोडणी चालू आहे, दादा पहाटेच नारायणगावच्या मार्केटला जातो. बिबट्याच्या भीतीनं रात्रीचं पाणी धरायला कुणी एकटं जात नाही.

काचेची लिफ्ट नको म्हणून तू जिने चढतेस, हे ऐकून शिवनेरी आठवला. कडेलोट टोकापाशी माझा पदर मुठीत धरून, डोळे मिटून उभी होतीस. उंचीची ही भीती जुनी आहे, बाळा. त्यात तुझा काही दोष नाही.

डॉक्टरांनी रोजची गोळी आणि तो उंची दाखवणारा व्हीआर चष्मा, दोन्ही सांगितलंय ना? मग दोन्ही कर. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. आरोग्यसेविका म्हणून मी क्षयाचे पेशंट पाहिलेत. खोकला थांबला की गोळ्या बंद करायचे, आणि दुखणं जास्त जोरानं उलटायचं. तू तसं करू नकोस. बंद करायची वेळ आली की डॉक्टरच हळूहळू कमी करतील.

गंमत बघ, क्षयाचंच एक जुनं औषध, सायक्लोसेरीन, अमेरिकेत उंचीच्या भीतीवर वापरून पाहिलं. २००४ साली त्याचा अभ्यास छापून आला. चष्म्यातल्या काचेच्या लिफ्टमधून माणसांना वर नेलं. आधी ही गोळी घेतलेल्यांची भीती जास्त कमी झाली. पुढच्या अभ्यासांत मात्र फायदा थोडाच दिसला. म्हणजे खरं काम त्या लिफ्टमध्ये उभं राहण्याचंच. धडधडलं की लगेच चष्मा काढू नकोस गं. थांब, श्वास घे. काही होत नाही, हे मनाला तिथंच कळतं.

आणि एक, सेशनच्या आधी मैत्रिणीकडची झोपेची, शांत करणारी गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नकोस. त्या गुंगीत मन काही शिकत नाही.

रात्री-अपरात्री फारच घाबरल्यासारखं झालं तर १४४१६ ला फोन कर. सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीतही बोलतात. मलाही उठव, संकोच करू नकोस.

वेळेवर जेव. पुढच्या सेशनला किती मजले चढलीस ते कळव, आणि गोळी घेतलीस का, तेही.

तुझी,
आत्या