माथ्यावरचे केस आणि मनातला ‘मी’

डोक्यावर मागच्या बाजूला जिथे भोवरा असतो, तिथले केस ऐन पंचविशीत विरळ होऊ लागले आहेत असे समजा. ही जागा आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी कधीच दिसत नाही. न्हावी सांगतो, किंवा एखाद्या लग्नात मागून काढलेल्या फोटोत दिसते. त्या दिवसापासून आपण दोन आरसे धरून पाहू लागतो. मग हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी सुरू होते. आणि आपण साधना करणारे असू, तर सोबत आणखी एक प्रश्न येतो. देह नश्वर आहे असे रोज ऐकणाऱ्याने केसांसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

या प्रश्नाला दोन उत्तरे लगेच मिळतात. एक म्हणजे, “हे देहाचे लाड आहेत, सोडून दे.” दुसरे, “आजकाल सगळेच करतात, करून टाक.” दोन्ही उत्तरे आपल्याला विचार करण्यातून सुटका देतात. आपण जरा थांबून पाहू.

आधी वस्तुस्थिती. पुरुषांमधले हे टक्कल बहुतेक वेळा आनुवंशिक असते. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे माथ्यावरची केसांची मुळे हळूहळू लहान होत जातात. डोक्याच्या मागच्या भागातली आणि कानांजवळची मुळे मात्र बरीचशी टिकून राहतात. तिथले मूळ काढून माथ्यावर लावले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाही, हे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडले. आजचे केशरोपण त्याच तत्त्वावर चालते. म्हणजे त्यातून एकही नवा केस निर्माण होत नाही. मी वाणिज्य शाखेत शिकतो, म्हणून मला ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वर्ग करण्यासारखे वाटते. एकूण शिल्लक वाढत नाही, आणि ज्या खात्यातून काढायचे तेही मर्यादितच असते.

माथ्याची आणखी एक अडचण आहे. भोवऱ्याभोवतीचे टक्कल वयाबरोबर बाहेर पसरत जाऊ शकते. घाईने रोपण केले, तर मधला लावलेला पुंजका राहतो आणि त्याच्याभोवती रिकामे कडे तयार होते. म्हणून जाणकार डॉक्टर विशीतल्या तरुणाला बहुधा थांबायला सांगतात आणि आधी औषधाने गळती स्थिर होते का ते पाहतात. ते औषधही चालू ठेवावे लागते, बंद केले की फायदा ओसरतो. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत बहुतांशी गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि माथ्यावरचा पूर्ण परिणाम दिसायला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ जातो.

कायद्याने हा प्रश्न आपल्या पद्धतीने हाताळला आहे. जीएसटीमध्ये वैद्यकीय उपचारांना करमाफी आहे, पण केशरोपण आणि सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया त्यातून वगळली आहे. जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करायचे असेल, तरच माफी मिळते. भाजलेल्या मुलीच्या डोक्यावर केस लावणे आणि माझ्या भोवऱ्यावर केस लावणे, यांत हाताचे कौशल्य एकच, हेतू वेगळा. कर खात्याला हा हेतू कागदपत्रांवरून ठरवता येतो. आपल्याला तो आत पाहून ठरवावा लागतो.

आत पाहताना एक शब्द उपयोगी पडतो. लेखांचा अनुवाद करताना ‘देहाभिमान’ हा शब्द मला वारंवार भेटतो. ऐकताक्षणी वाटते, देहाचा गर्व. पण त्याचा खरा अर्थ आहे देहालाच ‘मी’ समजणे. मग दाट केसांवरून हात फिरवत सुखावणारा जसा देहाभिमानी, तसाच विरळ केसांची लाज वाटून मागच्या रांगेत बसणाराही देहाभिमानीच. आणि “मला काही फरक पडत नाही” असे दाखवण्यासाठी उपचार नाकारणारा? त्याचाही ‘मी’ त्याच माथ्यावर बसलेला असतो. तेव्हा शस्त्रक्रिया केल्याने देहाभिमान वाढतोच असे नाही, आणि न केल्याने तो जातोच असेही नाही.

तिरुमलेला रोज हजारो भाविक आनंदाने मुंडण करून घेतात. लांबसडक केस वाढवलेल्या स्त्रियाही त्यांत असतात. ते केस पुन्हा उगवतात, हे खरे. तरी मुंडण केलेला माणूस आठवडाभर गावात उघड्या डोक्याने फिरतो आणि त्याला लाज वाटत नाही. कारण ते त्याने स्वतः दिलेले असते. इथे मात्र केस आपल्याला न विचारता गेलेले असतात. बोचते ते हे, की आपल्या देहावर आपली सत्ता नाही. वय वाढेल तसे हे आणखी अनेकदा कळणार आहे. माथा ती गोष्ट जरा लवकर सांगतो, इतकेच.

म्हणून केसांची चिंता करणाऱ्याला हसू नये. केस क्षुल्लक असते, तर विधवांचे केशवपन हा छळ ठरला नसता. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केस कापायला नकार दिला. डोक्यावरच्या केसांशी माणसाचा मान जोडलेला असतो, हे त्यांना कळत होते. आजही लग्न जमवताना मुलाच्या टकलाची चर्चा होते, मित्र टपली मारतात. ते दुःख खोटे नाही.

मग करावे काय? डॉक्टर थांबायला सांगतात तो काळच साधनेचा काळ मानावा. हात आपोआप माथ्याकडे जाईल, तेव्हा त्या क्षणी समोर कोण होते आणि मनात कोणती भीती होती, ते शांतपणे पाहावे. हे काही महिने केले की कळू लागते, आपल्याला केस हवे आहेत की कोणाची तरी पसंती. पसंती हवी असेल, तर ती मागच्या केसांतून पुढे आणून लावता येत नाही.

एवढे पाहूनही शस्त्रक्रिया करावीशी वाटली, तर अपराधी वाटून घेऊ नका. दात बसवून घ्यावा तसे देहाचे एक काम म्हणून करा. स्वतःच्या कमाईतून करा, कर्ज काढून किंवा वडिलांची पुंजी मोडून नको. पात्र डॉक्टरकडेच करा. अपात्र लोकांनी हे करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये बजावले आहे. आणि जिच्याशी लग्न ठरत आहे, तिच्यापासून लपवू नका. लावलेला केस आपलाच असतो, त्यात खोटे काही नाही. लपवण्यात मात्र खोटे आहे.

करा किंवा करू नका, वर्षभराने एवढेच तपासा. सत्संगात कोणी आपल्या मागे येऊन बसले, तर लक्ष अजून तिकडे जाते का? जात असेल, तर काम अजून बाकी आहे, आणि ते कोणताही डॉक्टर आपल्यासाठी करू शकत नाही.